कुणीच न पाहिलेला गेम: 'ब्लू व्हेल'ची अफवा आणि पुराव्याचा प्रश्न

ऑगस्ट २०१७. महाराष्ट्रात पालकसभांमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच गेमची चर्चा होती. 'ब्लू व्हेल'. तो ५० दिवस चालतो, रोज एक टास्क मिळतो आणि शेवट मृत्यूत होतो, इतकं सगळ्यांना पाठ होतं. पण साधे प्रश्न विचारले की उत्तर मिळत नव्हतं. हा गेम कुठे मिळतो? कोणत्या कंपनीने काढला? प्ले स्टोअरवर त्याचं पान कुठलं? तो उघडल्यावर स्क्रीनवर काय दिसतं?

पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे प्रकरण मला फार उपयोगाचं वाटतं. संशोधनाच्या पुस्तकात 'पुरावा', 'गृहीतक', 'कार्यकारणभाव' हे शब्द आपण व्याख्येसकट पाठ करतो. पण जी वस्तू कधी बाजारात आलीच नाही, जी कुणी पाहिलीच नाही, तिच्याबद्दलचा दावा तपासायची वेळ आली की नेमकं काय करायचं? आजचा लेख त्यावर आहे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आत्महत्येचा उल्लेख आहे. वाचताना स्वतःला त्रास होत असेल तर लेख बाजूला ठेवा आणि जवळच्या माणसाशी बोला. 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

घडलं काय, तारखांसकट

कुठलंही प्रकरण हातात घेतलं की आधी तारखा लावून घ्यायच्या. अर्धा गोंधळ तिथेच कमी होतो.

मे २०१६ मध्ये रशियातल्या 'नोवाया गझेटा' या वृत्तपत्रात एक मोठा लेख आला. 'व्हीकॉन्टाक्टे' या तिकडच्या सोशल मीडियावर मृत्यूबद्दल बोलणारे काही बंद ग्रुप आहेत आणि नोव्हेंबर २०१५ ते एप्रिल २०१६ या काळात झालेल्या १३० मुलांच्या आत्महत्यांपैकी बऱ्याच जणांचा अशा ग्रुपशी संबंध होता, असं त्यात म्हटलं होतं. पुढे जुलै २०१७ मध्ये तोबोल्स्क इथल्या न्यायालयाने एका तरुणाला मुलांना आत्महत्येला प्रवृत्त करण्याच्या गुन्ह्यात तीन वर्षं चार महिन्यांची शिक्षा दिली. म्हणजे ग्रुप होते, त्यात वाईट माणसंही होती. एवढा भाग खरा.

जुलै २०१७ च्या अखेरीस मुंबईत अंधेरी इथे एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि त्यामागे ब्लू व्हेल असल्याच्या बातम्या आल्या. लगेच विधानसभेत विषय निघाला. ११ ऑगस्टला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांना पत्र पाठवलं: या गेमच्या लिंक काढून टाका. पुढचे दोन-तीन महिने देशभरातून बातम्या येत राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने तिथे सांगितलं की हे प्रकार अ‍ॅपवर चालत नाहीत, त्यामुळे ते ब्लॉक करणं शक्य नाही.

या दोन घटना शेजारी ठेवून बघा. ऑगस्टमध्ये लिंक काढायचा आदेश, नोव्हेंबरमध्ये 'काढण्यासारखं अ‍ॅपच नाही' असं निवेदन. मधल्या काळात गेमबद्दलची भीती वाढत गेली आणि गेम मात्र हातात सापडला नाही.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत उत्तर दिलं. सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. समितीने संबंधित घटनांमधलं इंटरनेटचं आणि फोनचं वापर-रेकॉर्ड, कॉल रेकॉर्ड, सोशल मीडिया आणि इतर न्यायवैद्यक पुरावे तपासले, वाचलेल्या मुलांशी बोलणंही केलं. निष्कर्ष असा की यातल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा सहभाग सिद्ध होऊ शकला नाही.

अफवेच्या बातम्या किती पानं भरून आल्या होत्या ते आठवा. आणि हे उत्तर तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं?

'असता तर काय दिसलं असतं?'

आता मुद्द्याचं. 'गेम नाही' हे सिद्ध करणं अवघड असतं, कारण समोरचा म्हणू शकतो की तो लपलेला आहे. दर वेळी 'अजून खोल शोधा' म्हणता येतं. डार्क वेबवर आहे, सिक्रेट लिंक आहे, डाउनलोड केला की स्वतःला मिटवून टाकतो. असं गृहीतक कशानेच खोटं पडत नाही. कशानेच खोटं पडत नसेल तर ते तपासताही येत नाही. कार्ल पॉपर यांचा खंडनक्षमतेचा मुद्दा आपण नेटसाठी पाठ करतो, तो प्रत्यक्षात असा दिसतो.

मग संशोधकाने प्रश्न फिरवायचा. 'आहे की नाही?' असं न विचारता विचारायचं: 'हा दावा खरा असता, तर जगात कोणत्या खुणा उरल्या असत्या?' त्या खुणांची यादी आधी करायची आणि मग शोधायला निघायचं. यादी आधी करणं महत्त्वाचं, कारण नंतर केली की आपण सापडलेल्या वस्तूला साजेशी यादी बनवतो.

ब्लू व्हेलसाठी करून बघू. तो अ‍ॅप असता तर फाइल असती, ती चालवायला सर्व्हर असता, कुणाच्या तरी फोनमध्ये इन्स्टॉल झाल्याची नोंद असती. अ‍ॅप नसून मेसेजवर चालणारा प्रकार असता तर टास्क देणाऱ्याचं खातं असतं, दोघांमधलं चॅट असतं, ५० दिवसांच्या संपर्काचा माग असता. समितीने तपासलेल्या गोष्टी साधारण याच होत्या. म्हणून तिच्या 'सिद्ध होऊ शकलं नाही' या वाक्याला वजन आहे.

'पुरावा नाही म्हणजे ती गोष्टच नाही असं नव्हे' हे वाक्य आपण ऐकलेलं असतं. ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे. जिथे पुरावा सापडायलाच हवा होता, तिथे नीट शोधूनही तो मिळाला नाही, तर ते न मिळणं हाही पुरावाच असतो. विहिरीत बादली सोडली, दोर पुरला, बादली तळाला टेकली आणि कोरडी वर आली, तर विहीर कोरडी आहे असं म्हणायला हरकत नाही. दोरच पुरला नसेल तर मात्र गप्प बसावं. प्रश्न नेहमी दोराचा: आपला शोध तळापर्यंत पोचला होता का?

तुलनेसाठी दुसरा न आलेला गेम

एकच उदाहरण घेऊन पद्धत बरोबर आहे असं म्हणता येत नाही. पद्धत खरं आणि खोटं वेगळं काढते का, हे बघायला तुलना लागते. योगायोगाने आपल्याकडे दुसरं उदाहरण आहे, आणि ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतः अनुभवलंय.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्राने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. १२ नोव्हेंबर २०२० ला 'पबजी मोबाइल इंडिया' येणार अशी घोषणा झाली. आणि पुढचे कितीतरी महिने तो आलाच नाही. त्या काळात यूट्यूबवर रोज नवी तारीख यायची, बनावट एपीके फिरायच्या, 'सरकारने परवानगी दिली' आणि 'सरकारने परवानगी नाकारली' अशा दोन्ही बातम्या एकाच दिवशी दिसायच्या. म्हणजे हाही न आलेला गेम, यालाही अफवांचा वेढा.

पण आपली खुणांची यादी इथे लावून बघा. घोषणेचं अधिकृत पत्रक होतं. नोव्हेंबर २०२० मध्येच 'पबजी इंडिया प्रायव्हेट लिमिटेड' नावाची कंपनी बेंगळुरूच्या पत्त्यावर नोंदली गेली आणि ती नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येत होती. जिवंत वस्तूच्या पाऊलखुणा अशा असतात. पुढे ६ मे २०२१ ला 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हे नवं नाव जाहीर झालं, १८ मे ला पूर्वनोंदणी सुरू झाली आणि २ जुलै २०२१ ला गेम अँड्रॉइडवर आला.

यातला एक तपशील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. डिसेंबर २०२० मध्ये माहिती अधिकारातलं एक उत्तर गाजलं: मंत्रालयाने पबजीला परवानगी दिलेली नाही. झालं, 'गेम येणार नाही' अशी हाकाटी झाली. पण उत्तर पूर्ण वाचलं तर त्यात असंही होतं की वेबसाइट किंवा मोबाइल अ‍ॅप सुरू करायला हे मंत्रालय परवानगी देतच नाही. परवानगी देण्याची पद्धतच नसेल तर 'परवानगी दिलेली नाही' याचा अर्थ नकार होत नाही. मूळ कागद खरा होता, त्यातलं वाक्यही खरं होतं, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. प्राथमिक साधन हातात आलं म्हणजे काम संपलं नाही, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं लागतं.

तर एकच चाळणी दोन अफवांना लावली. एकीत वस्तूच्या खुणा राहिल्या, दुसरीत काहीच राहिलं नाही. चाळणी काम करते असं म्हणायला आता थोडा आधार आहे.

नोंदीचीही जन्मतारीख तपासा

परदेशातलं एक गाजलेलं उदाहरण इथे जोडतो. 'पॉलिबियस' नावाचा एक आर्केड गेम १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात आला होता, तो खेळणाऱ्यांना झटके यायचे, विस्मरण व्हायचं आणि काळे कपडे घातलेली माणसं येऊन त्यातला डेटा काढून न्यायची, अशी दंतकथा आहे. त्या गेमचं एकही यंत्र आजपर्यंत सापडलेलं नाही, १९८१ च्या काळातल्या कुठल्याही मासिकात त्याचा उल्लेख नाही.

या कथेचा सगळ्यात जुना आधार म्हणजे आर्केड गेमची यादी करणाऱ्या एका संकेतस्थळावरची नोंद. त्या नोंदीवर तारीख आहे १९९८ ची. पण 'अहॉय' या यूट्यूब चॅनलने २०१७ मध्ये केलेल्या माहितीपटात दाखवून दिलं की ती नोंद प्रत्यक्षात २००० साली टाकलेली आहे. छापील मासिकात ही गोष्ट आली ती थेट २००३ मध्ये. म्हणजे १९८१ च्या घटनेचा 'पुरावा' घटनेनंतर सुमारे १९ वर्षांनी जन्माला आला.

तरी ही कथा पूर्ण हवेतून आलेली दिसत नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये पोर्टलंडच्या एका आर्केडमध्ये एकाच दिवशी दोन खेळाडूंना त्रास झाला होता, गेम मात्र दोघांचे वेगवेगळे आणि नेहमीचेच होते. त्याच सुमारास जुगाराच्या संशयावरून सरकारी अधिकाऱ्यांनी तिथल्या आर्केडवर छापेही टाकले होते. या खऱ्या घटनांचे तुकडे पुढे कुणीतरी एका धाग्यात ओवले असावेत. ब्लू व्हेलचंही असंच दिसतं. रशियातले ग्रुप खरे, मुलांचे मृत्यू खरे, फोन खरे. त्यांना जोडणारा धागा मात्र कुणी तपासला नव्हता.

१३० या आकड्याचं काय?

आकडा आला की आपण विश्वास ठेवतो. म्हणून आकड्याशी जास्त कडक वागावं.

रशियातल्या लेखाने मृत मुलं घेतली आणि त्यांच्यापैकी किती जण अशा ग्रुपमध्ये होते ते बघितलं. संशोधनपद्धतीच्या तासाला फळ्यावर चार खान्यांची चौकट काढतात, ती आठवा. आडव्या दोन ओळी: ग्रुपमध्ये होता, ग्रुपमध्ये नव्हता. उभे दोन रकाने: मृत्यू झाला, झाला नाही. संबंध आहे की नाही हे सांगायला चारही खाने भरावे लागतात. इथे फार तर 'मृत्यू झाला' हा एकच रकाना भरला होता. ग्रुपमध्ये असूनही सुखरूप असलेली मुलं किती, हे माहीतच नाही.

दुसरी अडचण दिशेची. ग्रुपमुळे मूल खचलं, की आधीच खचलेलं मूल अशा ग्रुपकडे वळलं? दोन्ही शक्यतांमध्ये आपल्याला तोच सहसंबंध दिसेल. रशियातल्या लेखावर त्या वेळी झालेल्या टीकेतला हा एक महत्त्वाचा मुद्दा होता.

तिसरी अडचण मूळ प्रमाणाची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१७ मध्ये भारतात ९,९०५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. दिवसाला सरासरी २७. हा आकडा वाचून थांबावंसं वाटतं, आणि थांबावंच. कारण याचा अर्थ असा की त्या वर्षी ब्लू व्हेल हा शब्द कुणी उच्चारला नसता तरी रोज कुठल्यातरी घरात ही वेळ येत होती. अफवेला उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नाही. मुलाकडे फोन होता एवढं कळलं की बातमी तयार. आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यानंतर स्वस्त इंटरनेट घराघरांत पोचलं होतं, त्यामुळे फोन जवळपास कुठेही सापडणारच होता. जी गोष्ट सगळीकडेच आहे, ती एका ठिकाणी सापडली म्हणून कारण ठरत नाही.

मग लोकांनी विश्वास का ठेवला?

'लोक अडाणी असतात' हे उत्तर आळशीपणाचं आहे. अफवेवर चांगलं संशोधन झालंय, आणि त्याची एक महत्त्वाची सुरुवात भारतातली आहे.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी गोळा केल्या आणि १९३५ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'मध्ये त्यावर लेख लिहिला. ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांचं फारसं नुकसान झालं नव्हतं, अशा लोकांमध्ये 'आता याहून मोठं संकट येणार' अशा अफवा होत्या. हे विचित्र वाटतं ना? घाबरलेल्या माणसाला दिलासा देणारी अफवा आवडायला हवी. तो आणखी घाबरवणारी का पसरवतो?

अमेरिकेतले लिऑन फेस्टिंगर याच कोड्यावर अडकले. त्यांचं उत्तर असं: भीती आधीच मनात बसली होती, पण समोर तिला साजेसं कारण नव्हतं. घर उभं आहे, माणसं ठीक आहेत, तरी छाती धडधडते. मग त्या भीतीला शोभेल असं कारण अफवा पुरवते. या विचारातून पुढे १९५७ मध्ये त्यांचा 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'चा, म्हणजे मनातल्या विसंगतीचा, सिद्धांत पुस्तकरूपात आला. तुलना इथेही होती. दार्जिलिंगच्या भूस्खलनानंतर दुर्गानंद सिन्हा यांनी केलेला अभ्यास १९५२ मध्ये आला. तिथे प्रत्यक्ष नुकसान झालेल्या लोकांमध्ये अशा वाढीव अफवा आढळल्या नाहीत. त्यांच्या भीतीचं कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पडलेलं होतं.

हिंगोलीकरांना हे समजायला सोपं जावं. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येण्याचे प्रकार कित्येक वेळा झालेत. १० जुलै २०२४ च्या सकाळी तर जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. असा आवाज आला की माणूस घरातून बाहेर येतो, भिंत बघतो, सगळं जागेवर असतं. भीती मात्र जागेवर बसत नाही. अशा वेळी 'रात्री मोठा धक्का येणार' हा मेसेज आला तर तो पुढे पाठवणारा माणूस मूर्ख नसतो. तो आपल्या भीतीला कारण शोधत असतो. भूकंप अमुक वेळी येणार हे सांगणारं कुठलंही तंत्र आज उपलब्ध नाही, हे माहीत असलं तरी त्या क्षणी बोट 'फॉरवर्ड'वर जातं.

दुसरं सूत्र ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांचं, १९४७ चं. अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीची संदिग्धता. गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. दोन्हींपैकी एक शून्य झालं की अफवा शून्य. पबजीच्या बाबतीत खेळणाऱ्यांसाठी विषय महत्त्वाचा होता आणि माहिती नव्हती, म्हणून अफवा. ब्लू व्हेलच्या बाबतीत विषय पोटच्या पोराचा होता, आणि माहिती तर अजिबातच नव्हती.

माझं गृहीतक असं आहे, आणि ते गृहीतकच आहे हे मुद्दाम सांगतो: २०१७ मध्ये पालकांच्या मनात फोनबद्दलची भीती आधीपासून साठलेली होती. मूल खोलीत एकटं काय बघतं हे कळत नव्हतं. त्या बिननावाच्या भीतीला 'ब्लू व्हेल' हे नाव मिळालं.

यात पणाला काय लागलेलं आहे?

कुणी म्हणेल, अफवा होती तर होती, मुलं चार दिवस फोनपासून लांब राहिली, नुकसान काय झालं?

नुकसान कारण चुकण्याचं आहे. कारण गेम ठरला की उपाय ठरतो: फोन काढून घ्या, अ‍ॅप बंद करा. मग त्या मुलाला परीक्षेची भीती होती का, वर्गात कुणी त्रास देत होतं का, घरात कर्जावरून भांडणं होती का, कुणी मारत होतं का, तो कित्येक दिवस नीट झोपला नव्हता का, हे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. राक्षस बाहेरचा आहे, रशियातून आलाय, म्हटलं की घर, शाळा, गाव सगळे सुटतात. ९,९०५ या आकड्यामागची प्रत्येक गोष्ट वेगळी आहे, आणि एका गेमच्या नावाने ती सगळी झाकली गेली.

याच भीतीतून आणखी एक समज घट्ट होतो, की मुलांसमोर हा विषयच काढू नये, काढला तर डोक्यात नको ते येतं. संशोधनात हा समज टिकलेला नाही. 'तुला जगणं नको वाटतंय का?' असं शांतपणे, थेट विचारल्याने धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ही माहिती प्रत्येक शिक्षकाकडे असायला हवी होती. त्याऐवजी गेमच्या टास्कची यादी पोचली.

यातून संशोधनाचा विषय कसा निघेल?

आरआरसीसमोर 'ब्लू व्हेल गेमचा मुलांवर परिणाम' असा विषय घेऊन गेलात तर पहिलाच प्रश्न येईल: गेम दाखवा. परिणाम मोजायचा तर ज्याचा परिणाम आहे ती वस्तू तरी हवी. पण अफवा ही खरी घडलेली गोष्ट आहे. ती वर्तमानपत्रांत आहे, सरकारी पत्रांत आहे, लोकांच्या आठवणीत आहे. तिच्यावर काम करता येतं. तीन नमुने देतो.

पहिला, बातम्यांचं आशयविश्लेषण. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१७ मधल्या मराठी दैनिकांच्या मथळ्यांत गेमचा उल्लेख 'संशय' म्हणून आहे की 'कारण' म्हणून? दोन जणांनी स्वतंत्रपणे वर्गीकरण करायचं आणि त्यांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने मोजायचं. जानेवारी २०१८ च्या लोकसभेतल्या उत्तराला त्याच दैनिकांनी किती जागा दिली, हेही मोजा.

दुसरा, अफवेच्या सूत्राची चाचणी. ऑलपोर्ट-पोस्टमन बरोबर असतील तर ६ मे २०२१ ला अधिकृत घोषणा झाल्यावर 'गेम येणार की नाही' या प्रकारच्या व्हिडिओंचं प्रमाण घसरायला हवं. नाही घसरलं तर सूत्रात काहीतरी कमी आहे. दोन्ही निकाल उपयोगी, म्हणून विषय चांगला. मात्र इथे गूगल ट्रेंड्सचा आलेख वापरणार असाल तर एक लक्षात घ्या: तो ० ते १०० मधला सापेक्ष आकडा असतो आणि तो कुतूहल मोजतो. ब्लू व्हेल शोधणाऱ्यांत घाबरलेले पालक, शिक्षक, पत्रकार सगळे होते. शोधणारा म्हणजे खेळणारा नव्हे.

तिसरा, शिक्षक आणि पालकांच्या मुलाखती. त्यांना ही बातमी कुणाकडून कळली, त्यांनी पुढे काय केलं, आज त्यांना काय वाटतं. इथे आठवणीचा दोष येतो, कारण इतक्या वर्षांनी माणूस आजच्या समजुतीने तेव्हाची गोष्ट सांगतो. ही मर्यादा सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहा.

एक रेषा मात्र पाळायची. ज्या घरात मूल गेलंय त्या घराच्या दारात प्रश्नावली घेऊन जायचं नाही. त्यासाठी आचारसमितीची मंजुरी लागते, प्रशिक्षित माणूस लागतो आणि बऱ्याचदा योग्य निर्णय न जाण्याचाच असतो. आपल्या पीएचडीपेक्षा त्यांचं दुःख मोठं आहे.

शेवटी शब्दांबद्दल

समितीचं वाक्य परत वाचा: सहभाग 'सिद्ध होऊ शकला नाही'. 'ब्लू व्हेल जगात कुठेच नाही' असं समिती म्हणाली नाही. तिने तपासलेल्या घटनांपुरतं, तपासलेल्या पुराव्यापुरतं बोलली. आपल्या प्रबंधाच्या निष्कर्षाचं प्रकरण असंच लिहायचं असतं. जेवढा दोर सोडला तेवढ्याच खोलीबद्दल बोलायचं. मथळ्याला हे वाक्य आवडत नाही, त्यामुळे ते पसरतही नाही, पण टिकतं तेच.

जाताजाता गृहपाठ. तुमच्या तालुक्यात सध्या फिरणारी एक अफवा घ्या. कागदावर चार ओळी लिहा: दावा नेमका काय आहे, तो खरा असता तर कोणत्या खुणा दिसल्या असत्या, त्या खुणा कुठे शोधता येतील, आणि काय सापडलं तर मी माझं मत बदलेन. चौथी ओळ लिहिताना पेन अडखळला तर समजा की तुमचं मत आधीच ठरलेलं आहे. तिथून पुढे अफवा तपासण्याआधी ते मत तपासावं लागेल.